उन्हाआधी माती नाही

अँडीज पर्वतात, झाडं संपून नुसतं गवत आणि खडक उरतो त्या उंचीवर, वायापाता गावाच्या माथ्यावर पूर्वेकडे तोंड केलेली एक गुहा आहे. तिच्या भिंतींना चिमणीहून लहान हमिंगबर्ड चिकटलेले दिसतात. इथले लोक त्यांना केंती म्हणतात. दिवसभर ते काटेरी झुडपांच्या नारिंगी फुलांतला मध पितात आणि दिवस मावळला की इथे येऊन दगडासारखे गार पडतात. एखाद्या पाहुण्यानं हात पुढे केला, की वाटाड्या तोमासबाबा तो अलगद धरतात. "मेलेला नाही तो. बसा, सांगतो."

फार पूर्वी, म्हणे, गावावर असं हिव पडलं, की ओढे तळापर्यंत गोठले. लामांचा कळप आणायला खिंडीत गेलेला सायरी तिसऱ्या दिवशी बर्फात सापडला. ओठ काळेनिळे, छाती गार, श्वास नाही. त्याची बायको चास्का त्याचे तळवे चोळत राहिली. "सकाळपर्यंत ठेवू या," ती म्हणाली.

गावचा वडीलधारा अमारू उंबऱ्याबाहेरूनच बोलला, "हिवानं मेलेला घरात ठेवला, तर हिव आणखी एकाला नेतं, पोरी. तुझ्या पाठीशी कोण बांधलंय ते बघ."

पाठीवर तान्ही लेक झोपली होती. चास्का गप्प झाली. दिवस बुडायच्या आत सायरीला घोंगडीत शिवून माती दिली, वर दगड रचले.

फटफटताना चुलीसाठी वाळकं गवत आणायला ती डोंगर चढली. गुहेत केंती भिंतीला धरून होते. डोळे मिटलेले, चोची वर. हिवानं पाखरंही सोडली नाहीत, असं तिला वाटलं. नवऱ्याच्या उशाशी ठेवावं म्हणून तिनं एक पाखरू सोडवून घेतलं. ती थडग्यापाशी पोचली आणि सूर्य शिखरावर आला. ओंजळीत ऊन पडलं. पाखरू थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं. मग त्याच्या छातीत अशी धडधड सुरू झाली, की तिची बोटं हलली. आणि ते भुर्रकन उडून गेलं.

चास्कानं रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं. मग खाली, दगडांकडे.

तिच्या किंकाळीनं गाव धावलं. अमारूनं स्वतः दगड उचलले. सायरीला उताणं निजवलं होतं. तो कुशीवर वळला होता. घोंगडीची शिवण दातांनी तोडलेली होती, नखांत माती होती. आता मात्र तो खरोखरच गेला होता. अंगात थोडी ऊब होती, असं सांगतात.

अमारू तिच्या पायांशी वाकला. ती एवढंच म्हणाली, "मीही गप्प बसले, बाबा."

आजही वायापातात चेहऱ्यावर ऊन पडल्याशिवाय कोणाला माती देत नाहीत. घरातलं एक माणूस छातीवर हात ठेवून बसतं. आभाळ भरलेलं असलं, तर तीन-तीन दिवस थांबतात. आणि तेवढे दिवस त्या घरात कोणी रडत नाही. श्वास ऐकू यायला हवा म्हणून.