राहिलेला घाट

सायकली आपापसांत बोलत, त्या काळची गोष्ट. वजन उतरवायला दिघेकाकांनी गिअरची नवी सायकल आणली. गॅलरीत टॉवेलांखाली दबलेली व्यायामाची जुनी सायकल तिला म्हणाली, “पहिल्या दिवशी माझ्यावरही तासभर घाम गाळला. दुसऱ्या दिवशी पाय आखडले. तिसऱ्या दिवशी टॉवेल आला.”

 सकाळी काका नवीला घेऊन थेट घाटाकडे निघाले. पायथ्याशीच धाप लागली, तरी थांबेनात. ‘आज हे आडवे झाले, तर उद्या टॉवेल माझ्यावर!’ घाबरून तिने चेन पाडली. ती बसवण्यातच वेळ गेला आणि काका चरफडत परतले.

ओला टॉवेल घेऊन ते गॅलरीत आले. नवीने श्वास रोखला. काकांनी तो जुनीवर टाकला आणि काकूंना हाक मारली, “अगं, उद्या पाचचा गजर लाव. घाट राहिलाय माझा!”