नकाशातला फिका रंग

"म्हणजे आपण फिके, हे चांगलं की वाईट?" विश्वगिरी बाबांनी विचारलं.

मठाच्या ओसरीवर जगाचा नकाशा पसरला होता. कर्करोग जिथे जास्त, तिथे गडद रंग. डॉक्टर हुद्दार, बाबांचे वीस वर्षांपासूनचे शिष्य, तो परदेशातल्या परिषदेत मांडून आले होते.

"फसवं आहे, बाबा. श्रीमंत देशांत जास्त जणांना होतो, पण बरेच वाचतात. आपल्याकडे कमी जणांना होतो, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मरतात."

परिषदेत या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. मरणाऱ्यांपैकी तिथे कोणी नव्हतं.

"का मरतात?"

"उशिरा येतात. अडाणी लोक! किती सांगायचं त्यांना?"

"लवकर आले, तर काय करतोस?"

"तंबाखू सोडवतो. तोंड तपासतो. तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. मिनिटाचं काम."

बाबांनी आपली तीन बोटं तोंडात घातली. गेली.

"चिमाबाई! जरा इकडे या."

मठाचा स्वयंपाक करणाऱ्या चिमाबाई पदराला हात पुसत आल्या. हुद्दार दर पौर्णिमेला त्यांच्या हातची भाकरी खात. त्या स्वतः मात्र हल्ली भाकरी अळणी वरणात कुस्करून, पातळ करून पीत. 'बाईंनी जीभ जिंकलीय,' असं हुद्दार चारचौघांत कौतुकाने सांगत.

"दात मोजताय व्हय, डाक्टर? हायेत तेवढे माझेच हायेत."

हुद्दारांनी सांगितलं तशी त्यांनी आपली बोटं तोंडात घातली. एक बोट गेलं. दुसरं अडलं.

हुद्दारांनी मोबाइलचा उजेड टाकला. हिरड्या मिश्रीने काळ्या. गालाच्या आत पांढरा चट्टा, मधोमध लाल जखम.

"कधीपासून आहे हे?"

"झाली की दोन वर्सं. तिखट सोसत न्हाई."

"मग आला का नाहीत?" हुद्दारांचा आवाज चढला.

"कुठं येऊ? तुमीच येत हुता की दर पुनवेला."

हुद्दारांनी मोबाइलचा उजेड बंद केला.

बाबा धुनीकडे बघत होते. "मिश्रीची तंबाखू याच निखाऱ्यांवर भाजायची ही. रोज. मला तो वास आवडायचा..."

हुद्दार नकाशा गुंडाळू लागले. बाबांनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे. आधी तिला दाखव, ती यात कुठे आहे."