केरबा आणि चौपदरी रस्ता

घाटाखालच्या एका वाडीत एक भोळा मैलकुली होता. केरबा त्याचं नाव. मैलकुली म्हणजे सरकारी रस्त्याची डागडुजी करणारा गडी. अंगात बळ बैलाचं, डोकं मात्र देवाने घाईत बसवलेलं.

लग्न झालं होतं, पण सासरे पिराजी हटून बसले होते. "नोकरी कायम झाल्याबिगर सुंद्राला नांदायला धाडणार न्हाई." सुंद्रावाचून केरबाला भाकर गोड लागेना.

मुकादम म्हणाला, "चौपदरी रस्त्याचं उद्घाटन होईस्तवर नीट काम कर. साहेबांस्नी सांगून तुला कायम करतो. आता ऐक. खड्डा दिसला की खडी-डांबर घालून बुजवायचा. इचारत बसायचं न्हाई."

"व्हय, मुकादम."

रस्त्याच्या कडेला ओळीने साठ खड्डे होते, झाडं लावायला खणलेले. दिवस मावळायच्या आत साठही डांबराने गुळगुळीत झाले.

मुकादमाने कपाळावर हात मारला. "अरं, खड्ड्यात रोप लावायचं! पाणी घालायचं, काट्याचं कुंपण करायचं!"

"व्हय, मुकादम."

दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात हातभर खड्डा दिसला. केरबाने त्यात कडुनिंब लावला, दोन घागरी पाणी ओतलं, भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. ट्रकांची रांग घाटमाथ्याला भिडली.

"आम्ही थांबायचं कुठवर?" एक ड्रायव्हर ओरडला.

"सावली पडंस्तवर," केरबा म्हणाला.

मुकादम धापा टाकत आला. "रस्त्यावर उभं काय दिसलं की उपटायचं, आन् गोदामात टाकायचं!"

"व्हय, मुकादम."

तिसऱ्या दिवशी केरबाने मैलाचे दगड उपटले, वळणांच्या पाट्या उपटल्या, गावांच्या नावांचे फलक उपटले. एक वऱ्हाड भलत्याच गावी गेलं आणि भलत्याच मांडवात जेवलं. नवरदेव थोडक्यात वाचला.

"सरकारी वस्तू आपल्या मनानं हलवायची न्हाई!" मुकादम किंचाळला. "वरनं कागद आला तरच हात लावायचा. आन् कागद आला की त्याच घटकेला काम करायचं!"

हे मात्र केरबाने पाठ केलं. पुढे आठ दिवस त्याने काडी हलवली नाही, त्यामुळे एकही चूक झाली नाही. मुकादम खूश. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांच्या हातून नोकरीचा हुकूम मिळायचं ठरलं. पिराजी सुंद्राला घेऊन तिथेच येणार होते.

त्या सकाळी मुकादम हार आणायला गेला, आणि मागोमाग शिपाई एक कागद देऊन गेला. केरबाने अक्षर अक्षर लावून वाचला. 'नव्या रस्त्याखालून पाण्याचा नळ नेणे आहे. रस्ता आडवा खोदण्यास मंजुरी देण्यात येत आहे.'

आता रस्ता झाला की तो खोदायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. पण आधी फीत कापू देतात. हे बिचाऱ्या केरबाला कोणी सांगितलं होतं?

कडेला जेसीबी उभा होता. केरबाने ड्रायव्हरला कागद दाखवला. तासाभरात चारी पदर आडवे चिरले गेले, पुरुषभर खोल.

मंत्र्यांच्या गाड्या अलीकडे थांबल्या. पलीकडच्या काठावर पिराजी, आणि शेजारी ट्रंक घेऊन सुंद्रा. साहेब नोकरीचा हुकूम हातात नाचवत ओरडले.

"बुजव! आत्ताच्या आत्ता बुजव, नाहीतर हा फाडून टाकतो!"

केरबाने हुकूम पाहिला. सुंद्रा पाहिली. त्याचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले.

"बुजवतो की, साहेब. बुजवायचा कागद आणलाय नव्हं?"