एका चुलीवरचे

“पण बाबा, भागूचं नाव कशाला लिहायचं?”

जनगणनेला आलेल्या शाळामास्तरांचा पेन थांबला. मठाच्या ओसरीवर दौलतबाबा वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुलक्षणाचा आवाज चढला. “चार महिने झालेत तिला येऊन. मी नऊ वर्षं आहे इथे!”

नऊ वर्षं बाबांना रोज पोथी तीच वाचून दाखवायची. बी.ए. झालेली, उच्चार स्वच्छ. आणि ही भागू अक्षरशत्रू, कुठल्या गावची तेही धड सांगेना. ती आली, आणि बाबा म्हणाले, “आज पोथी राहू दे. भागू, ती कालची ओवी म्हण.” मग स्वयंपाकही तिच्याचकडे गेला. सुलक्षणा आतल्या आत जळत होती.

“मास्तर, तुमचा नियम काय?” बाबांनी विचारलं.

“सहा महिने राहिलेला, नाहीतर पुढे सहा महिने राहणारा. आणि मठात एका चुलीवर जेवणारे सगळे एकाच कागदावर धरायचे.”

“ऐकलंत? सहा महिने!” सुलक्षणा म्हणाली.

बाबांनी आत हाक दिली. “भागू, राहणार ना गं?”

“हाकललं तरी न्हाई जायाची!” चुलीपुढून उत्तर आलं. मास्तरांनी हसत नाव लिहिलं.

सुलक्षणाचे कान तापले. “आता माझं लिहा. खरं तर पहिलं माझंच हवं होतं.”

“थांबा, मास्तर.” बाबांनी आणखी एक शेंग सोलली. “सुलू, काल कुठे जेवलीस?”

“...खोलीत.”

“परवा?”

भागूच्या हातचं नको म्हणून चार महिने सुलक्षणा खोलीतल्या स्टोव्हवर आपल्यापुरता भात टाकत होती. कुणी विचारलं, की पथ्य आहे म्हणायची.

“मग ताई, तुमची चूल वेगळी,” मास्तर चाचरले. “तुमचा कागद वेगळा करावा लागेल.”

“बाबा... मला मठातून काढताय?”

बाबा उठले. चुलीपाशी गेले. तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी मोडली आणि अर्धी आणून सुलक्षणापुढे धरली.

वाफ निघत होती.

सुलक्षणाने भाकरीकडे पाहिलं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या भागूकडे. तिचा हात जरासा पुढे आला... थांबला.

“पेन मिटू नका, मास्तर,” बाबा म्हणाले. “आमची मोजणी अजून चाललीय.”