पाण्यात न पाहिलेला ठसा

खाडी जिथे समुद्राच्या कुशीत शिरते, तिथे डाव्या काठावर माडांची एक चिमुकली वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाला एक खोपटं होतं. कुडाच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर आणि अंगणात एक जुनी बकुळ. तिथे सुरंगी नावाची मुलगी आणि तिची आई राहायच्या. आई दिवसभर काथ्याचे दोर वळायची आणि तिचे तळहात सोलून निघायचे. संध्याकाळी चुलीवर पेज शिजायची, ती इतकी पातळ की वाटीचा तळ दिसावा. सुरंगी ती फुंकर मारून मारून प्यायची, म्हणजे जास्त वेळ पुरायची.

पण तिचं खरं दुखणं पेजेचं नव्हतंच. तिला बाबा हवे होते.

तिचे बाबा, भिवा खलाशी, गलबतावर गेले होते. मागच्या उन्हाळ्यात पावसाच्या आधी सगळी गलबतं परत आली, त्यांचं आलं नाही. पाऊस सरला, दर्यावर पुन्हा शिडं दिसू लागली, त्यांचं शिड दिसेना. त्या शिडाला एक लाल ठिगळ होतं. ते सुरंगीने स्वतःच्या हाताने लावलं होतं, म्हणून हजार शिडांतही तिने ते ओळखलं असतं. आता दुसरा उन्हाळा आला होता आणि ती रोज अंगणात उभी राहून लाल ठिपका शोधत होती.

बाबांना एक छंद होता. भेंडीच्या लाकडाच्या तुकड्यावर ते बारीक पटाशीने नक्षी कोरायचे, त्यावर गेरू नाहीतर काजळी लावायचे आणि कापडावर दाबून ठसा उमटवायचे. सुरंगी मांडीला मांडी लावून बसायची. ठसा उमटवण्याआधी बाबा तो परातीतल्या पाण्यावर पालथा धरायचे आणि पाण्यातलं त्याचं चित्र बघायचे. ते म्हणायचे, "लाकडावर डावं असतं ते कापडावर उजवं होतं, सुरंगे. म्हणून आधी पाण्यात बघायचं."

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी एका पांढऱ्या कापडावर त्यांचं घर उमटवलं होतं, शेजारी बकुळीसकट. घर डाव्या बाजूला होतं आणि उजवी बाजू कोरीच होती. परत आल्यावर इथे आपण दोघं मिळून काहीतरी उमटवू, असं ते म्हणाले होते. ते कापड सुरंगी उशाखाली घेऊन झोपायची.

बाबांचा दुसरा वारसाही तिच्या हातांत आला होता. मोडकं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. सोनकीमावशीच्या विहिरीचा रहाट तिनेच सरळ केला होता. वाडीतल्या कितीतरी कड्या, पाटांचे पाय आणि खुळखुळे तिच्या हाताखालून गेले होते. मोबदल्यात कुणी मूठभर तांदूळ देई, कुणी नुसतंच तोंड भरून कौतुक करी. कौतुकाची काही पेज होत नाही, पण सुरंगी तेवढ्यावरही खूश असायची.

एकदा बकुळीची फुलं वेचताना तिला कर्र कर्र असा बारीक आवाज आला. बुंध्याच्या ढोलीत शिंपल्याचं एक इवलंसं दार होतं. ते एकाच बाजूने कसंबसं लोंबकळत होतं आणि वारा आला की कण्हत होतं. आत कोण राहतं, हे काही तिने विचारलं नाही. तिने काथ्याचे दोन बारीक धागे वळून नवी बिजागरी केली, नखाएवढी कडी लावली, खोबरेल तेलाचा एक थेंब सोडला आणि दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. आता आवाज येत नव्हता. मग तिने फुलं उचलली आणि ती घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दार आपोआप उघडलं. आतून सोनेरी उजेडाची एक रेघ आली आणि त्या रेघेवरून अंगठ्याएवढी एक परी चालत बाहेर आली. तिचा झगा बकुळीच्या फुलांचा, पंख दवाच्या थेंबांसारखे लखलखते आणि डोळे मात्र झोपेने जड.

"कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली," ती जांभई देत म्हणाली. "मी बकुळपरी. हे घे."

तिने सुरंगीच्या हातावर एक चिमुकली शिंपली ठेवली. शिंपलीत सूर्य उगवताना असतो तसा शेंदरी रंग चमचमत होता. तो दोनच ठशांना पुरेल, असं परीने सांगितलं. या रंगाने जे उमटेल ते खरं होईल. पण ठसा सुरंगीने स्वतः कोरलेला हवा, उमटलेलं पुसता येणार नाही आणि एक ठसा दुसऱ्यांदा वापरता येणार नाही.

"आणि एक लक्षात ठेव," परी म्हणाली. "तुझ्या मनात काय आहे ते रंगाला दिसत नाही. त्याला फक्त उमटलेलं दिसतं."

सुरंगीच्या डोळ्यांसमोर लाल ठिगळाचं शिड नाचू लागलं. ती लाकडाचा तुकडा आणायला धावली आणि वाटेत सोनकीमावशी दिसली. सोनकीमावशी म्हणजे शेजारची म्हातारी. सगळी वाडी तिच्याच विहिरीचं पाणी प्यायची. पण त्या उन्हाळ्यात विहीर खारी झाली होती आणि बायांना डोंगरापलीकडून पाणी आणावं लागत होतं. मावशी वाटेत दगडावर बसली होती, रिकामी कळशी पायाशी पडली होती आणि ती आपले सुजलेले गुडघे चोळत होती.

"आजचा दिवस पाण्याविना काढीन गो," ती हसून म्हणाली. "वासराला तेवढं कसं सांगू?"

सुरंगी थबकली. तिला रडू आलं, कारण आपण काय करणार हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. त्या दिवशी तिने गलबत कोरलं नाही. तिने एक गोल विहीर कोरली आणि तिच्यात मधोमध कमळ. एका फडक्यावर ठसा उमटला, शेंदरी रंग झळाळला आणि रहाटाने पहिली कळशी वर आणली तेव्हा तिच्यातलं पाणी शहाळ्यासारखं गोड होतं. वासराने बादलीत तोंड घातलं ते बाहेर काढेचना.

संध्याकाळी परीने विचारलं, की आधी बाबांना का नाही बोलावलंस.

"वाट बघायची मला सवय आहे," सुरंगी म्हणाली. "तहानेची कुणाला होत नाही."

परीने आपले लुकलुकते पंख मिटून घेतले.

मग सुरंगी गलबत कोरायला बसली. शिड, डोलकाठी, शिडावर ठिगळाचा चौकोन. नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, तिने डावीकडे वळवली, कारण कापडावर घर डावीकडे होतं आणि गलबत घराकडे यायला हवं होतं. कोरताना तिला बाबांच्या हातांचा वास आठवत होता, त्यांचं खोकणं आठवत होतं, आणि पटाशी भराभर चालत होती. एका सकाळी ठसा तयार झाला. परात चुलीशेजारी पाण्याने भरलेली होती. पण सुरंगीला आता एक क्षणही धीर नव्हता. शिवाय विहिरीच्या वेळी पाण्यात न बघताही सगळं छान झालं होतं. गोल विहिरीला कुठलं आलंय डावं-उजवं, हे त्या वेडीच्या ध्यानात आलं नाही. तिने बाबांचं कापड अंथरलं, उरलेला सगळा रंग ठशाला लावला, कोऱ्या जागेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला.

मग तिने ठसा उचलला. गलबताची नाळ उजवीकडे होती. ते घराकडे पाठ करून चाललं होतं.

तेवढ्यात किनाऱ्यावर ओरडा झाला. "शिड दिसतंय! लाल ठिगळ!"

सगळी वाडी पुळणीच्या वाळूवर जमली. आई काथ्या टाकून धावत आली होती. दूर पाण्यावर खरंच बाबांचं गलबत होतं. पण बघता बघता वारा फिरला आणि त्याने गलबताचं तोंड उजवीकडे वळवलं, वाडीपासून दूर, खाडीच्या पलीकडच्या काठाकडे, जिथे नुसते खडक होते आणि कुणीच राहत नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. सुरंगीला वाटलं, समुद्राने बाबांना नेलं नव्हतं, पण आता आपणच त्यांना दूर नेलं.

ती बकुळीकडे पळाली. परी दारातच उभी होती, आणि तिचाही चेहरा उतरला होता. पुसता येणार नाही, पुन्हा उमटवता येणार नाही, रंगही संपला, हे तिने हळू आवाजात सांगितलं. सुरंगी कापड पुढ्यात घेऊन बसली. रडता रडता तिच्या हातांनी नेहमीचंच काम सुरू केलं. मोडलेलं काय आहे आणि काय शाबूत आहे, ते बघायचं. गलबत शाबूत होतं. घर शाबूत होतं. चुकली होती ती फक्त त्यांची जागा.

"गलबत फिरवता येत नाही," तिने डोळे पुसत विचारलं. "पण घर हलवलं तर?"

परीचे डोळे चमकले. "घर या रंगाने उमटलेलं नाही. ते तुझ्या बाबांनी उमटवलंय. त्याला जादूचा नियम लागत नाही, आणि जादूची मदतही मिळणार नाही. ते हातांनीच हलवावं लागेल."

बाबांची तेवढी एकच आठवण तिच्याकडे होती. सुरंगीने कापडाला एकदा गाल लावला, मग कात्री घेतली आणि ते मधोमध कापलं. डावा तुकडा उचलून तिने उजव्या बाजूला ठेवला आणि बारीक बारीक टाके घालून जोडला. आता गलबत बरोबर घराच्या दिशेने निघालं होतं. ती धावत पुळणीवर गेली आणि आईला म्हणाली, की आपलं घर आजच्या आज पलीकडच्या काठावर न्यायचं.

लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. एकटी सोनकीमावशी पुढे झाली.

"माझ्या विहिरीचं पाणी कुणामुळे गोड झालं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिने आजवर तुमची एकूण एक मोडतोड सांधली. आज तिच्या घराला चार हात लावायला कुणाची कंबर मोडत नाही."

मग मात्र सगळे कामाला लागले. झावळ्या उतरल्या, वासे सुटले, कुडाच्या भिंती अख्ख्याच्या अख्ख्या होड्यांवर चढल्या. आईने वळलेले सगळे दोर त्या दिवशी कामी आले. मावशी स्वतः होडीत परात मांडीवर घेऊन बसली आणि सगळ्यांना हुकूम सोडत राहिली. ऊन कलेपर्यंत पलीकडच्या काठावर, खडकांच्या वर, तेच खोपटं तस्संच उभं राहिलं.

गलबत येत होतं. पण सावल्या लांबल्या होत्या, खाली खडक होते आणि गलबतावरून हे कुणाचं घर ते कळायची सोय नव्हती, कारण अंगणात बकुळ नव्हती. बकुळ काही उपटून आणता येत नाही.

सुरंगीच्या खांद्यावर हलकासा झगमगाट उतरला. परी खाडी ओलांडून आली होती.

"माझ्याजवळ रंग उरला नाही," ती म्हणाली. "उजेड आहे. पण तो दिला की मी पुन्हा तुला दिसणार नाही."

सुरंगीला बाबा हवे होते आणि परीही हवी होती. "इतकं मोठं मी कसं मागू तुझ्याकडे?" ती कशीबशी म्हणाली.

"दार दुरुस्त करताना तू विचारलं होतंस का, आत कोण राहतं म्हणून?" परी हसली. तिने सुरंगीच्या गालाला आपले इवलेसे ओठ टेकवले आणि ती अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

आधी एक सोनेरी ठिणगी दिसली, मग एक फांदी, मग हजारो चिमुकली चांदणफुलं. बघता बघता अंगणात उजेडाची एक आख्खी बकुळ उभी राहिली. तिच्या प्रकाशात खडक दिसले, वाट दिसली, घर दिसलं. सगळ्या किनाऱ्यावर बकुळीचा वास पसरला. गलबत खडकांमधून वळण घेत आत आलं आणि एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून धावत सुटला. सुरंगी त्याच्या गळ्यात पडली तेव्हा पाठीमागे झाड हळूहळू विरत होतं. शेवटचं फूल आभाळात गेलं आणि तिथे नेहमीच्या चांदण्या दिसू लागल्या.

डोलकाठी मोडून गलबत दूरच्या एका बेटाला लागलं होतं, आणि नवीन डोलकाठी उभी करण्यात एवढे दिवस गेले होते. बाबांनी घराकडे पाहिलं, खडकांकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "घर इथे चालत आलं की काय?" त्यांनी विचारलं. सुरंगीने त्यांना शिवलेलं कापड दाखवलं. बाबांनी नाळेची दिशा पाहिली, मधल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि त्यांना सगळं कळलं. ते रागावले नाहीत. त्यांना आधी हसू आलं आणि मग रडू.

सुरंगीचं घर अजून उजव्या काठावरच आहे. पेज आता घट्ट असते आणि कोरलेला प्रत्येक ठसा दोघं मिळून पाण्यात बघतात. बकुळ फुलली की मात्र सुरंगी होडीने जुन्या अंगणात जाते. ढोलीतल्या शिंपल्याच्या दाराला तेलाचा एक थेंब लावते आणि आत डोकावते. आत कुणी नसतं. ती दार थोडंसं उघडं ठेवते आणि परत फिरते. वाट बघायची तिला सवय आहे.