चांदीवरचं धुकं

"मग बुवा, आता तरी तुमचे पांग फिटले ना?"

लखमोजीनं नाणं पुढे करत विचारलं.

केदारबुवा अंगणातल्या चुलीवर गूळपाणी उकळत बसले होते.

डोंगर, दऱ्या, धुकं रंगवण्यात अख्ख्या मुलखात बुवांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून दरबारानं त्यांच्या सन्मानाचं चांदीचं नाणं पाडलं होतं. त्याचा ठसा कोरला त्यांच्याच शिष्यानं, लखमोजीनं. एका बाजूला बुवांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्यांच्या झोपडीसमोरचा डोंगर. दरबारात वाहवा झाली, त्याच्या अंगावर शालजोडी पडली.

तरी लखमोजीचं मन थाऱ्यावर नव्हतं. इतक्या वर्षांत 'बरं जमलं' असं बुवा त्याला एकदाही म्हणाले नव्हते. आज तेवढं ऐकावं म्हणून तो भर थंडीत डोंगर चढून आला होता.

बुवांनी नाणं घेतलं आणि न बघताच ओट्याच्या गार दगडावर ठेवलं. आधी दोन घोट गरम घे म्हणाले. पाय गारठले असतील, घरी लेकरं बरी आहेत ना, धाकटीचा खोकला गेला का, सगळं विचारून झालं. नाण्याचं मात्र नाव नाही.

लखमोजीनं गूळपाणी तसंच खाली ठेवलं.

"बुवा... बघा तरी."

बुवांनी नाणं उचललं. स्वतःचा चेहरा वर आला, तसं उलटं केलं. डोंगरावरून अंगठा फिरवला. मध्येच अंगठा थबकला.

"हे काय कोरलंस?"

"धुकं, बुवा. त्यालाच जास्त घाम गाळला. बारीक टोच्यानं एकेक ठिपका..."

"असं होय. मला वाटलं, मेंढरं बसलीत."

लखमोजीचं तोंड एवढंसं झालं. मग रागही आला. तो म्हणाला, तुमचं कागदावर बरं असतं, धुक्याची जागा कोरी सोडली की भागलं. चांदीवर कोरी जागा नुसती चकाकते. चांदीत कुणी धुकं आणून दाखवावं.



बुवांनी नाणं तोंडाजवळ नेलं आणि त्यावर हळूच तोंडाची वाफ सोडली.

गार चांदी पांढुरकी झाली. डोंगर गेला, मेंढरंही गेली. बुवांनी नाणं त्याच्यापुढे धरलं.

आधी शेंडा उघडा पडला. मग एक कडा... मग उतार.

लखमोजी पोरका होऊन या ओट्यावर आला होता, तेव्हा पहाटे बुवा त्याला आपल्या घोंगडीत ओढून घेत. समोरचा डोंगर असाच हळूहळू उघडायचा. बुवांच्या श्वासाची ऊब मानेला लागायची, आणि मग पोराला भूक लागायची.

त्यानं बुवांचे पाय धरले. बरं जमलं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

बुवांनी त्याला उठवलं. नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. चांदी पुन्हा लख्ख झाली होती.

"गेलं की हो, बुवा..." लखमोजी म्हणाला. "उद्या तुम्ही नसाल, तेव्हा मी काय करू?"

बुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अरे, तुझा श्वास असेल ना?"