हिरवा खण आणि बाटली

ओटीत आलेला खण शिवायचा नाही, घडी न मोडता दुसरीच्या ओटीत घालायचा, असं बायका करायच्या, तेव्हाची गोष्ट. एक हिरवा खण असाच घरोघर फिरून कंटाळला होता. "एकदा तरी मला कुणाच्या अंगाला लागू दे," असं तो कपाटात म्हणायचा.

शेवटी हेमलताबाईंनी त्याची घडी मोडली. खण हरखला.

कात्री म्हणाली, "माप कुणाचं घेतलंय, ते तरी विचार."

"कशाला? शिवतायत ना मला!"

"अगं, झालं का?" बाईंचे यजमान दारातून ओरडले. "साहेबांना द्यायची बाटली. उघडी कशी न्यायची? लोक बघतात."

पिशवी झाली, नाडी ओवली गेली. आत कुणीतरी शिरलं. खणानं घट्ट मिठी मारली. अंग थंडगार होतं.

"फार जीव लावू नकोस," बाटली म्हणाली. "तू फक्त रस्त्यापुरता."

साहेबांकडे बाटलीचं कौतुक झालं. सांडलेली दारू त्यांच्या बायकोनं पिशवीनंच पुसली. मग रिकामी बाटली तिच्यात कोंबून, नाडी आवळून, दोघांनाही कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"आता कुणाच्या घरी?" खणानं सवयीनं विचारलं.

"आता घर नाही," बाटली म्हणाली.